काचंच्या तारंत करंट नसतो

ज्या गल्लीत पानी आलं, त्या गल्लीतलं नेट गेलं. टंचाईच्या वर्षांत माझ्या धंद्याचा हाच नियम व्हता. नळाला पानी आठव्या दिवशी, मधले दिवस टँकर. अन् टँकरची उंची अन् माझ्या तारांची उंची, दोघांची पत्रिका एकदम जुळेल. टँकरवर बसेल मानूस गल्लीत शिरताना माझी तार हातानं वर उचलायचा. विसरला की टँकर पुढं अन् तार मागं, नवरदेवाच्या शेल्यावानी. शेवटी मीच बांबू घेऊन टँकरच्या पुढं चालायला लागलो. लोक हसायचे. "सांडूभाऊ, मेंढरं सोडली अन् टँकर वळायला लागला व्हय?"

त्यांचंबी बरोबर व्हतं. मी फुलंब्रीकडचा. बापानं मेंढरं वळली, मी पन वळली. माझ्या आधीची आईची दोन लेकरं गेली, म्हनून माझं नाव सांडू ठेवलं. देवाला वाटावं, हे तर आधीच सांडेल हाय, याला कशाला उचलायचं. शाळेत दोन-तीन महिने गेलो. मास्तर म्हनले, याच्या हातात पाटीपेक्षा काठी शोभती. मंग शहर वाढत वाढत आमच्या चराईपर्यंत आलं, माळावर प्लॉटचे दगड रोवले, मेंढरं इकली अन् मी शहरात येऊन केबलवाल्याकडं खांबावर चढायला लागलो. हे सगळं मी बोलायलोय अन् सून उतरून घ्यायली. चुका माझ्या, शुद्धलेखन तिचं.

आमचा धंदा सोपा हाय. दोन जातीच्या तारा. एक तांब्याची, एक काचंची. तांब्याच्या तारंतून वीज पळती, काचंच्या तारंतून उजेड पळतो. काच केसावानी बारीक, पन वरून जाड काळं कव्हर. त्यामुळं दिसायला ती तार अगदी कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी.

हितंच घोळ व्हता. पानी आठव्या दिवशी, म्हंजी आठ दिवसांचं धुनं एकाच दिवशी. घरातल्या दोऱ्या पुरायच्या नाय. मंग चादरी, सतरंज्या, रजया, सगळं माझ्या तारंवर. एकदा गारखेड्यात एका ओल्या रजईनं अख्ख्या गल्लीचं नेट बंद पाडलं. काच ती, वजनानं मोडली. हात जोडून सांगितलं, पाया पडलो, कोनी ऐकंना. एक दिवस वैतागून एका मावशीला म्हनलो, "मावशी, यात करंट हाय. चारशे चाळीस!"

दुसऱ्या दिवशी तारंवर रुमाल पन नाय.

मला वाटलं, काय अक्कल हाय आपली! मंग काय, ज्या घरी काचंची तार ओढली, त्या घरी जाताना सांगायचं, "हात लावू नका, करंट हाय." दोन वर्षं सांगितलं. एक मावशी तर सकाळी तुळशीनंतर माझ्या तारंला लांबून हात जोडायची. इतक्या वेळा सांगितलं की मीच तारंखालून वाकून जायला लागलो.

आता कादरी साहेबांचं सांगतो. घर हर्सूल रस्त्याला, आतल्या गल्लीत. साहेब धरनावर वायरलेस ऑपरेटर व्हते. किती पानी आलं, किती सोडलं, ते जुन्या तारऑफिसावानी टिकटिक करून कळवायचे. रिटायर झाले, टिकटिक सुटली नाय. गच्चीवर पत्र्याची खोली, खोलीत रेडिओचं यंत्र, अन् बाहेर दोन पाईपांच्या मधी लांब तार ताणेल. ती एरियल. याला हॅम रेडिओ म्हनत्यात. सरकारची परीक्षा दिली की लायसन भेटतं, मंग बसा जगाशी बोलत. मधी टॉवर नाय, नेट नाय, केबलवाला नाय. मी पहिल्यांदा पाहिलं तवा मनात म्हनलो, हे सगळ्यांनी शिकलं तर आपन परत मेंढरं घ्यायची.

त्या वर्षी साहेब त्या खोलीत चक्कर येऊन पडले. तासभर पडेल व्हते. खाली त्यांच्या बेगम, आमच्या भाभी, टीव्ही लावून बसेल, त्यांना पत्ताच नाय. पुन्यात त्यांची लेक समीना. तिनं बापाला फोनवरच हुकूम सोडला. वर कॅमेरा लावा, मला पुन्यातून दिसला पाहिजे. येत्या रविवारी मी येते. कॅमेरा चालू असला तर रेडिओ राहील, नसला तर मीच तो खोक्यात भरून नेनार.

कॅमेऱ्याला नेट लागतं. नेटचा डबा तळमजल्यावर, काचंची तार तिथवरच. त्याची वायफाय दोन स्लॅब अन् पत्रे ओलांडून वर पोचंना. म्हनून मला बोलवलं.

साहेब म्हनले, "सांडूमियाँ, एकच शर्त. माझ्या रेडिओत आवाज नाही आला पाहिजे. किर्र नाही, खर्र नाही. सकाळी सातला वर्गीस येतो."

"कुठून येत्यात?"

"केरळ."

"रोज? कोनत्या गाडीनं?"

साहेबांनी शांतपनी समजावलं. वर्गीस म्हंजी त्यांचा रेडिओवरचा दोस्त. चाळीस वर्षं झाली रोज सातला गाठ पडती. तोंड मात्र एकमेकांचं पाहिलेलं नाय. मधी वर्गीसचं गळ्याचं ऑपरेशन झालं, बोलनं कायमचं गेलं. आता नुसती टिकटिक.

मी शहाना. म्हनलो, "मंग साहेब, मोबाईलवर लिहून बोला की. सोपं."

"मोबाईलवर अक्षरं सगळ्यांची सारखी, मियाँ. त्याच्या मुलानं लिहिलं काय, सुनेनं लिहिलं काय. टिकटिकीत हात कळतो. वर्गीस शेवटचा टोला ताणतो, जांभई दिल्यासारखा. दुनियेत दुसरं कोणी तसं ताणत नाही. उसकी आवाज गई. हात बाकी है." अन् मंग म्हनले, "फार बारीक येतो. जरा खर्र झाली की गेला."

मी म्हनलो, "साहेब, तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

हे वाक्य मी बोललो की समजायचं, काळजी करायची वेळ झाली.

बुधवारी खालच्या डब्यापासून गच्चीपर्यंत तांब्याची तार ओढली. वर पाहतो तर एरियल मस्त ताणेल, पाईप भक्कम. आयता आधार! माझी तार एरियललाच गुंडाळत गुंडाळत खोलीपर्यंत नेली. वीस हात उरली. आम्ही केबलवाले उरलेली तार कापत नाय, पुढंमागं लागती. तिचं वेटोळं करून पाईपाला टांगलं, सत्काराच्या हारावानी. लांब जाऊन पाहिलं. सुंदर दिसत व्हतं.

साहेबांनी रेडिओ लावला अन् हेडफोन माझ्याच डोक्यावर चढवला. तापल्या तव्यावर पानी पडल्यावर जसं चर्र होतं ना, तसं, पन थांबतच नाय.

मंग साहेबांनी टिकटिकीचं बटन दाबलं. खालून भाभी ओरडल्या, "या अल्ला! मेरी सिरियल अटक गई!"

साहेबांनी बोट उचललं. "चली!" परत दाबलं. "अटकी!" उचललं. "चली! अरे क्या कररे तुम लोगां ऊपर? बहू के हात में जहर का गिलास है, वो ना पीरी ना फेंकरी!"

साहेब मला म्हनले, "ज्या तारेत बिजली पळते, ती तार स्वतःच एरियल होते, मियाँ. तिचा आवाज माझ्यात येतो, माझा तिच्यात जातो. तुम्ही दोन एरियलांचा निकाह लावून दिला."

वेटोळं उतरवलं, तार काढली. शुक्रवारी संध्याकाळी नवी अक्कल घेऊन हजर. दुकानदारानं दोन डबे दिले व्हते. एक खालच्या प्लगात खोचायचा, एक वरच्या, अन् घरातल्या लाईटच्या वायरीतूनच नेट वर जातं. तार ओढायचीच नाय! नेट झकास पोचलं. कॅमेरा लागला. मी खूश. रेडिओ लावून पाहायचा व्हता, पन लाईट गेली, डबेच बंद पडले, अन् मी घरी गेलो.

शनिवारी सकाळी सातला वर्गीस आला. मी पन तवाच पोचलो, शाबासकी घ्यायला. खोलीत जाऊन पाहतो तर साहेब हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून बसेल. समोर कागद. कागदावर तीन अक्षरं, पुढं नुसत्या रेघा. आधी एक तार केकाटत व्हती, आता मी भिंतीतली एकनएक वायर केकाटायला लावली व्हती. पंखा, ट्यूब, फ्रीज, सगळ्यांच्या वायरी एका सुरात. साहेबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"तो विचारत होता बहुतेक," साहेब म्हनले, "की तू आहेस का."

मी दोन्ही डबे उपटले. उद्या समीना येनार. साहेब आपल्या मनाशीच बोलल्यासारखं म्हनले, "बुधवारीच मला वाटलं होतं, ही तुमची काचेची तार वरपर्यंत आणावी. काचेत बिजली नसते. पण मग तुमची भाभी म्हणाली, तुमच्या काचेत करंट असतो. चारशे चाळीस."

मी उगंच उपटलेल्या डब्यांच्या वायरी गुंडाळायला लागलो.

"मी सगळी पुस्तकं काढली, सांडूमियाँ. कुठंच नाही सापडलं. मग वाटलं, कंपनीनं नवीन काही काढलं असेल. है क्या करंट?"

तेवढ्यात जिन्यावर भाभी. पानी आल्याचा दिवस, हातात बादली, खांद्यावर ओलं फडकं. आता काय करायचं? खरं बोललो तर उद्या सगळ्या गल्लीच्या रजया माझ्या तारंवर. खोटं बोललो तर रेडिओ खोक्यात अन् वर्गीस केरळात विचारत बसनार, तू आहेस का.

"नाय साहेब," मी म्हनलो. "नसतो. म्या आपलं धुनं हटवायला सांगेल व्हतं."

भाभींनी बादली खाली ठेवली. "झूटे! दो साल से मैं रजई सुखाने कू चार घर दूर जारी! घुटनों में दर्द हो गया मेरे!" अन् ओलं फडकं सप्पकन माझ्या पाठीवर.

साहेब हळूच म्हनले, "करंट लागला का?"

म्हंजी पाहा. दोन वर्षं मी ती तार डोक्यावरून नेली, उजेडाची तार हाय म्हनून गिऱ्हाईकाला समजावलं, अन् तरी ती वर न्यायची अक्कल मला सुचली नाय. अन् ज्याला सुचली, त्याचा रस्ता माझ्याच थापंनं अडवला.

शनिवारचा सगळा दिवस तिथंच घातला. काचंची तार वर आनली. साहेबांनी बोटानं दाबून पाहिली. "यात हे कडक काय आहे?" काचंच्या सोबतीला कव्हरात एक लोखंडी तार असती, ताण धरायला. रोज हातात घेनारा मी, ती विसरलो. लोखंड म्हंजी परत एरियलच, म्हनून ती आख्खी सोलून काढली, साप सोलल्यावानी. वर काचंतला उजेड परत विजेत बदलायला एक छोटा डबा लागतो. त्याला अन् कॅमेऱ्याला प्लगातले अॅडॅप्टर लावले की ते पन किरकिर करत्यात. साहेबांचा रेडिओ गाडीच्या बॅटरीवर चाले. डबा अन् कॅमेरा पन बॅटरीवर घेतला. डबा ते कॅमेरा हातभर तांब्याची तार राहिली, तिला काळ्या लोखंडी कड्यातून सात वेढे दिले. साहेब म्हनले, हे कडं म्हंजी आवाजाचं मुसकं. मला ते लगेच पटलं.

रेडिओ लावला. खर्र गेली. पन मागं एक बारीक किर्र राहिलीच.

साहेबांनी डोकं धरलं. मी म्हनलो, थांबा. मेंढरू चुकलं की आम्ही कान लावून घंटीच्या मागं जातो, तसंच करू. भाभींचा जुना ट्रांझिस्टर घेतला, दोन स्टेशनांच्या मधी काटा ठेवला अन् गच्चीभर फिरलो. टाकीपाशी किर्र कमी. जिन्यापाशी कमी. खोलीत जास्त. दाराच्या मागच्या प्लगापाशी गेलो तर ट्रांझिस्टर जिवाच्या आकांतानं ओरडला. प्लगात एक स्वस्तातला मोबाईल चार्जर.

"हा कोणाचा?" साहेब.

"असंल कोनाचा तरी," मी.

तेवढ्यात चार्जरला लटकेल मोबाईल वाजला. स्क्रीनवर माझ्या बायकोचा फोटो.

आम्हा केबलवाल्यांची सवय हाय, गिऱ्हाईकाच्या घरात पाऊल टाकलं की आधी आपला चार्जर खोचायचा, मंग नमस्कार. चार्जर काढला. रेडिओत शांत. नुसता वाऱ्यासारखा सूं आवाज. साहेब म्हनले, हा आभाळाचा आवाज, हा राहू द्या.

रविवारी समीना पहाटंच्या गाडीनं आली. सातला आम्ही तिघं खाली तिच्या मोबाईलभोवती, अन् मोबाईलमधी साहेब वर बसेल. भाभींची सिरियल मी मुद्दाम लावून ठेवेल, अटकती का पाहायला. अटकली नाय. मोबाईलमधी साहेबांनी पेन्सिल उचलली. लिहायला लागले. लिहिता लिहिता मान मागं टाकून हसले. एकटे, पत्र्याच्या खोलीत, पोट धरून.

समीना वर पळाली. आम्ही मागं. "अब्बा, काय म्हणाले ते?"

"म्हणतो, तिकडं आठ दिवस पाऊस थांबेना, कपडे वाळत नाहीत. मी म्हटलं, इकडं आठ दिवसांनी एकदा ओले होतात."

समीना मला म्हनली, "काका, कॅमेऱ्यात आवाजपण येतो ना? तो चालू करून द्या." रेडिओ राहिला. पुन्यात ती सकाळी डबा भरताना बापाची टिकटिक ऐकायची.

गोष्ट हितं संपली असती तर मी लई हुशार ठरलो असतो.

तीन-चार महिन्यांनी समीनाचा फोन आला. "काका, दोन दिवस झाले अब्बा सातला बसतात, पण टिकटिक येत नाही. मी विचारलं तर म्हणतात, मशीन खराब आहे. बघून या ना."

गेलो. जिन्यात भाभींनी गाठलं. "सांडू, तेरा ही कुछ तो बी बिगड़ा ना रे? बोल ना." असं विचारत व्हत्या, जसं काय माझं बिगडेल असावं.

वर साहेब दाढी न करता बसेल. मी काचंची तार हातानं तपासली. डबा तपासला, बॅटरी, कडं, सात वेढे मोजले. एरियलचे सांधे पाहिले. प्लगापाशी वाकून पाहिलं, कोनाचा चार्जर हाय का. हेडफोन लावला. सूं. अगदी साफ. जन्मात एवढं साफ काम मी केलं नव्हतं. अन् त्या दिवशी देवाला म्हनलो, सांडूची एक तरी चूक निघू दे रे.

साहेब म्हनले, "तुमचं काही नाही, मियाँ. मलाही माहिती आहे. वर्गीसच येत नाही. त्याच्या मुलाचा फोन बंद आहे." मंग जिन्याकडं पाहून म्हनले, "तिला काय सांगू?"

खाली आलो. भाभी पायरीवरच. मी म्हनलो, "व्हय भाभी. माझंच बिगडेल हाय. तार सरकली. व्हईल दोन दिवसांत."

"मैं बोली थी ना! एक काम सीधा नक्को करना तू!" अशा चिडल्या, अशा चिडल्या, की दोन दिवसांत पहिल्यांदा चहा टाकला.

समीनाला पन तेच सांगितलं. अन् खोटं बोललो तर ते दाखवायला तर पाहिजे. म्हनून दुसऱ्या दिवशी सातला परत गेलो, तारंपाशी उगंच पक्कड घेऊन बसलो. काय नाय. तिसऱ्या दिवशी पन गेलो.

सात वाजून गेले. साहेबांची पेन्सिल हालली. मंग थांबली. कपाळाला आठ्या.

"कोणीतरी आहे. पण तो नाही. हा हात त्याचा नाही. अडखळतोय, शिकाऊ आहे कोणी." साहेबांनी हेडफोन काढायला हात वर नेला.

"अहो घ्या की लिहून," मी म्हनलो. "शिकाऊ असला म्हनून काय हाकलनार व्हय?"

साहेबांनी मनाविरुद्ध पेन्सिल टेकवली. एकेक अक्षर लिहीत गेले. मंग असं दाबून लिहिलं की पेन्सिलचं टोक मोडलं. कागद माझ्याकडं सरकवला. मला काय वाचता येतंय! "साहेब, बोला की!"

"दवाखान्यात होतो," साहेब म्हनले. "सलाईननं उजवा हात सुजला. डाव्या हातानं वाजवतोय. हसू नकोस."

साहेब हसत व्हते का काय करत व्हते, ते मी पाहिलं नाय. मी पक्कड घेऊन तारंकडं तोंड केलं.

खालून भाभींची हाक आली, "सांडू! हुआ क्या रे ठीक?"

मी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी डोळे पुसत मान हालवली, सांग म्हनून.

"झालं भाभी! माझीच तार सरकेल व्हती!"

आज इतकी वर्षं झाली, नळ आता बराच बरा हाय, पन त्या घरात पाव्हना आला की भाभी ती गोष्ट सांगत्यात, या सांडूनं कसं चार दिवस साहेबांचं यंत्र बंद पाडलं व्हतं. पाव्हना माझ्याकडं बघून हसतो. साहेब गपचूप माझ्या बशीत एक बिस्कीट जास्तीचं ठेवत्यात. माझ्या धंद्यातल्या सगळ्या चुका खऱ्या. ही एकच खोटी. अन् हिच्यावरच मला सगळ्यात जास्त शिव्या पडल्यात.